पैसाफंड : दान कीं भांडवल?

दान आणि व्यापार एका घरांत नांदत नाहींत, असा आपला जुना समज आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं त्यास न जुमानतां देशी उद्योगासाठीं दरसाल माणशीं एक पैसा मागितला. तेव्हां रुपयाचे पैसे ६४ होते. म्हणजे एका रुपयासाठीं ६४ माणसांची मनधरणी! आम्ही पदवीधर तर हंसलोंच असतों. लोकमान्य टिळकांनीं मात्र पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला. जपान-अमेरिकेंत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथील काम हातीं घेतलें.

खरी अडचण पुढेंच होती. पैसा देणारा नफ्याचा वांटा मागत नव्हता; पण भट्टीस देशभक्तीची ऊब पुरत नाहीं. तिला जळण, वाळू, सोडा हवा, आणि माल विदेशी कांचेशेजारीं खपावयास हवा. शिवाय कारखाना हीच शाळा! हात बसलेला कारागीर दुसरीकडे जाणारच. भागधारकांनीं असा व्यवहार तोट्याचा ठरविला असता. आमच्या मतें पैसाफंडाचा नफा नेमका तोच. तळेगांवच्या खतावणींत तो शोधूं नये. देशांत पुढें निघालेल्या कित्येक कांचकारखान्यांना माहितगार कारागीर येथून मिळाले.