डावीकडे, उजवीकडे : रोमच्या पायी फेरीची कुळकथा

स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न मठाच्या ग्रंथालयात नवव्या शतकातली एक पोथी आहे. तिच्यातली काही पाने रोम शहराविषयी आहेत. पोथी उघडून समोर धरली की रस्त्याच्या डाव्या हाताला लागणाऱ्या वास्तू डाव्या पानावर दिसतात आणि उजव्या हाताच्या उजव्या पानावर. संत पीटरच्या वेशीतून शहरात शिरावे, तर डावीकडे पॅन्थिऑन आणि पुढे सम्राट ट्राजनचा स्तंभ, उजवीकडे पाँपेचे नाट्यगृह. अशा डझनभर वाटा त्यात दिल्या आहेत. देवळे, चर्चे, स्नानगृहे, कमानी असे सगळे एकाच ओळीत येते, कारण चालणाऱ्याला ते त्याच क्रमाने भेटते.

यात वर्णन नाही, गोष्टही नाही. तरी युरोपातल्या जुन्या शहरातून आज जी पायी फेरी निघते, तिचा सांगाडा मला या पानांत स्वच्छ दिसतो. पाहण्यासारखे काय, हे ठरवणे तसे सोपे असते. ते कोणत्या क्रमाने पाहायचे आणि कोणत्या बाजूला मान वळवायची, हे ज्याने पहिल्यांदा ठरवले त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याच्या पावलांचा हिशेब शिल्लक आहे.

गोष्ट सांगणारे वाटाडे याहूनही जुने. दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडलेल्या पाउसानियासने आर्गोस गावच्या वाटाड्यांविषयी लिहून ठेवले आहे की आपण सांगतो ते सगळे खरे नाही हे त्यांना स्वतःलाही कळते, तरी ते तेच सांगत राहतात, कारण लोकांच्या मनात बसलेले मत बदलणे सोपे नसते. पुढची हजार-पंधराशे वर्षे ही फेरी खरे काय आणि लोकांना पटलेले काय, याच ताणातून घडत गेली.

रोममध्ये वाट आणि गोष्ट एकत्र आली ती ११४०च्या सुमारास, ‘मिराबिलिया’ म्हणजे रोममधल्या नवलांच्या पुस्तकात. ते संत पीटरच्या चर्चमधल्या बेनेडिक्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याने लिहिले असे परंपरेने मानतात. पोपची मिरवणूक कोणत्या रस्त्याने, कोणत्या कमानीखालून जाते याची नोंद करणारा बेनेडिक्ट तो हाच. म्हणजे शहर चालत दाखवणाऱ्या या पुस्तकाला मिरवणुकीची वाट आधीच पाठ होती. काळही असा होता की ११४३-४४मध्ये रोमच्या नागरिकांनी पोपची सत्ता झुगारून कॅपिटोल टेकडीवर पुन्हा आपली सिनेट बसवली. जुन्या वैभवाची नावे त्या दिवसांत लोकांच्या ओठांवर होती. ‘मिराबिलिया’ वाचकाला शहरभर फिरवते आणि जागोजागी थांबून कथा सांगते. कॅपिटोलवर सम्राट ऑगस्टसला आकाश उघडून कुमारी आणि तिच्या कडेवरचे बालक दिसले, म्हणून तिथे आराचेली चर्च उभे आहे. व्हॅटिकनपाशी उभ्या असलेल्या इजिप्शियन एकशिला स्तंभाच्या टोकावर जो सोनेरी गोळा आहे, त्यात ज्युलियस सीझरची रक्षा आहे.

१२००च्या आगेमागे ग्रेगोरियस नावाचा एक इंग्रज विद्वान रोमला आला. त्याचे टिपण मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत प्रिय आहे, कारण तो गोष्टी ऐकतो आणि सांगणारा कोण हेही टिपतो. लॅटरन राजवाड्यासमोर तेव्हा एक भव्य कांस्य अश्वारूढ पुतळा होता. ग्रेगोरियस लिहितो की यात्रेकरू त्याला थिओडोरिक म्हणतात, रोमचे रहिवासी कॉन्स्टंटाइन म्हणतात, आणि पोपच्या दरबारातले लोक मार्कस किंवा क्विंटस क्विरिनस. ‘मिराबिलिया’ आणखी वेगळेच सांगते. तिच्या मते हा रोमला वेढा घालणाऱ्या राजाला रात्री पकडून आणणारा एक वीर. राजा रोज रात्री ज्या झाडाखाली येई त्यावरचे घुबड ओरडे, त्या आवाजावर वीराने डाव साधला. घोड्याच्या दोन कानांमध्ये आयाळीचा झुपका वर आला आहे, तेच ते घुबड. कथा रचणाऱ्याने पुतळा किती बारकाईने पाहिला असेल! माहिती चुकली, पण नजर चुकली नाही.

पुतळा खरा मार्कस ऑरेलियसचा. पंधराव्या शतकातल्या अभ्यासकांनी तो ओळखला, आणि १५३८मध्ये तो कॅपिटोलवर आणला गेला. पण हा पुतळा मध्ययुगात वितळवला गेला नाही, त्याचे मोठे कारण असे मानतात की लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते. रोममधले बाकीचे असंख्य कांस्यपुतळे भट्टीत गेले. रस्त्यावरच्या चुकीच्या गोष्टीने इथे खरी वस्तू राखली, म्हणून वाटाड्यांच्या भाकडकथांना नुसते झिडकारणे मला पटत नाही.

ग्रेगोरियस मात्र त्या झिडकारतो. व्हॅटिकनजवळ तेव्हा उभ्या असलेल्या एका पिरॅमिडला यात्रेकरू संत पीटरची धान्याची रास म्हणत. सम्राट नीरोने ती हिसकावली तेव्हा तिचा दगड झाला, अशी कथा. ग्रेगोरियस तिला कवडीमोल ठरवतो. एकशिला स्तंभाखालच्या फटीतून रांगत गेले की पाप धुऊन निघते, ही समजूतही त्याला खोटी वाटते. स्वतः मात्र तो व्हीनसच्या एका संगमरवरी मूर्तीपाशी पुनःपुन्हा जातो, ती त्याच्या मुक्कामापासून लांब असूनही. श्रद्धेसाठी चालणाऱ्यांच्या गर्दीत हा एकटा पाहण्यासाठी चालत होता.

ही गर्दी पुढे फार वाढली. १३००मध्ये पोप बोनिफेस आठवा याने जयंतीवर्ष जाहीर केले. पापक्षालनासाठी रोमकरांनी तीस दिवस आणि बाहेरगावच्यांनी पंधरा दिवस संत पीटर व संत पॉल यांच्या चर्चांना जायचे, असा नियम. टायबर नदीवरच्या सांतांजेलो पुलावर जाणारे एका बाजूने आणि येणारे दुसऱ्या बाजूने, अशी शिस्त लावावी लागली. दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’त नरकाचे वर्णन करताना या पुलाची आठवण काढली आहे. १४५०च्या जयंतीवर्षात त्याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन दीडशेहून अधिक माणसे गेली.

श्रद्धेच्या फेरीला प्रसन्न रूप दिले ते फिलिपो नेरी या संताने. १५५०च्या दशकात त्याने रोमच्या सात मुख्य चर्चांची पायी यात्रा पुन्हा सुरू केली. सुमारे वीस किलोमीटरची वाट, सोबत गाणी, मध्ये एका बागेत बसून सर्वांचे जेवण. वारीची सवय असलेल्या मराठी माणसाला त्यात अनोळखी असे फारसे काही वाटणार नाही. ही यात्रा रोममध्ये आजही निघते.

त्याच दशकात पुराव्याच्या बाजूनेही पाऊल पडले. त्याआधी पोज्जो ब्राच्चोलिनी या पंधराव्या शतकातल्या विद्वानाने कवी पेट्रार्कची चूक दाखवली होती. शहराच्या तटाजवळचा दुसरा एक पिरॅमिड रोमच्या संस्थापकाचा भाऊ रेमस याची समाधी, असे पेट्रार्कने लिहिले होते, आणि गायस सेस्टियसचे नाव तर त्या दगडावरच कोरलेले आहे. झुडपे बाजूला करून शिलालेख वाचायचा, एवढेच करायचे होते. १५५४मध्ये वास्तुकार आंद्रेआ पाल्लादियोने रोमवर दोन छोटी पुस्तके काढली, एक प्राचीन अवशेषांवर आणि एक चर्चांवर. चर्चांच्या पुस्तकात चालण्याच्या चार वाटा आखून दिल्या होत्या. ‘मिराबिलिया’ची जागा हळूहळू या पुस्तकांनी घेतली.

पोप सिक्स्टस पाचवा याने शहरच असे घडवायला घेतले की वाटाड्याची गरज कमी व्हावी. मुख्य चर्चे जोडणारे सरळ रस्ते आणि त्यांच्या टोकाला लांबून दिसणारे इजिप्शियन स्तंभ. १५८६मध्ये दोमेनिको फोंतानाने व्हॅटिकनचा सुमारे पंचवीस मीटर उंचीचा स्तंभ शेकडो माणसे आणि घोडे लावून चर्चसमोर आणला. तेव्हा टोकावरचा गोळा उतरवून तपासला गेला. तो एकसंध ओतलेला होता, त्याला उघडायला तोंडच नव्हते, रक्षा ठेवणार कुठून? साडेचारशे वर्षे वाटाड्यांनी सांगितलेली कथा त्या दिवशी संपली. गोळा आता कॅपिटोलच्या संग्रहालयात आहे. १५२७मध्ये रोम लुटणाऱ्या सैनिकांनी झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा त्यावर दिसतात, आणि मला या खुणा सीझरच्या रक्षेइतक्याच मोलाच्या वाटतात.

अठराव्या शतकात फेरीचा पेशा झाला. इटलीचा प्रवास केल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही असे मानणारे श्रीमंत इंग्रज तरुण रोमला येत आणि पैसे देऊन चिचेरोने म्हणजे जाणकार वाटाडे नेमत. जर्मन विद्वान विंकेलमान १७६३पासून पोपच्या राज्यातल्या पुरावस्तूंचा अधिकारी होता, तोही मान्यवर पाहुण्यांना अवशेष दाखवी. कॉलिन मॉरिसन या स्कॉटिश चिचेरोनेबरोबर १७६५मध्ये फिरताना लेखक जेम्स बॉसवेल इतका भारावला की दोघे लॅटिनमध्ये बोलू लागले. सर्वांत नावाजलेला जेम्स बायर्स, तोही स्कॉटिश. १७६४मध्ये एडवर्ड गिबन रोमला आला तो याच्याच हाती. फेरी अठरा आठवडे चालली. रोज पाहून पाहून लक्ष थकत असे, हे गिबनने आत्मचरित्रात मोकळेपणी नोंदवले आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना मनात आली ती १५ ऑक्टोबर १७६४ला कॅपिटोलच्या अवशेषांत बसलो असताना, असेही तो सांगतो. एका शहराच्या दगडांपाशी इतके दिवस थांबण्याची सवड आणि ते दाखवणारा माणूस, दोन्ही मिळाले की काय घडू शकते याचे याहून मोठे उदाहरण माझ्यापाशी नाही.

बायर्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो दलालही होता. चित्रकार पूसँच्या ‘सात संस्कार’ या चित्रमालिकेच्या नकला करवून त्या मूळ चित्रांच्या जागी टांगल्या गेल्या आणि अस्सल चित्रे इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ रटलंडकडे गेली, तो व्यवहार त्याचाच. ज्याच्या बोटाकडे पाहून पाहुणा मान वळवतो, त्यानेच तिथली वस्तू विकायला काढावी हे मला गैर वाटते. पाहुण्यांना ठराविक दुकानापाशी आणून उभे करणाऱ्या आजच्या फेऱ्यांमध्ये तीच खोड उरली आहे.

एकोणिसाव्या शतकाचे थोडक्यात सांगता येते. १८४३मध्ये मरे या इंग्रज प्रकाशकाचे मध्य इटली आणि रोमवरचे मार्गदर्शक पुस्तक आले, पुढे जर्मनीच्या बेडेकरचे. १८६४मध्ये थॉमस कुकने पर्यटकांची टोळी इटलीत नेली. खासगी चिचेरोने परवडत नसलेल्यांना रोम खुले झाले आणि अठरा आठवड्यांची फेरी दिवसांवर, पुढे तासांवर आली. उंच धरलेली छत्री आणि कानातले यंत्र ही त्या गर्दीची सोय. १८९१मध्ये रोदोल्फो लांचानी या पुरातत्त्वज्ञाने आइनझीडेल्नच्या पोथीतल्या वाटा आणि बेनेडिक्टची मिरवणूक शेजारी ठेवून अभ्यासली, आणि एक हजार वर्षांपूर्वीचा चालणारा माणूस नेमका कुठून वळला ते रोमच्या भूमीवर पुन्हा शोधले.

आजचा वाद मात्र परवान्याचा आहे. इटलीत गाईडला परवाना लागतो, आणि पूर्वी तो ठराविक प्रदेशापुरता असे. २०१३च्या कायद्याने एका ठिकाणची पात्रता देशभर चालेल असे ठरले. डिसेंबर २०२३च्या कायद्याने राष्ट्रीय परीक्षा आणली : लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष फेरी करून दाखवण्याची चाचणी. जागोजागच्या गाईडांनी या देशव्यापी परवान्याला विरोध केला. तोरीनोत शिकलेल्याने रोम कसे सांगायचे, हा त्यांचा प्रश्न. मी त्यांच्या बाजूचा आहे. घोड्याच्या कानांमधला झुपका ज्याने पुनःपुन्हा जवळून पाहिला आहे, त्यालाच तिथे उभे राहून सांगता येते की लोक त्याला घुबड का समजले.