क्लच, द्रवचालित : वायुनिष्कासन

मोटारगाडीतील द्रवचालित क्लचच्या नळ्यांत व सिलिंडरांत शिरलेली हवा द्रवाबरोबर बाहेर काढण्याची क्रिया. दुरुस्तीच्या कारखान्यांत तिला ‘हवा काढणे’ असेच म्हणतात. ‘रक्त काढणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापेक्षा हे नाव अधिक यथार्थ आहे. कारण काढावयाची असते ती हवा, द्रव जातो तो नाइलाजाने.

बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्काल यांनी सतराव्या शतकात दाखविले. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व घेऊन या तत्त्वाला औद्योगिक रूप दिले. मोटारगाडीत ते प्रथम आले गतिरोधकासाठी. माल्कम लॉकहीड यांची योजना अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना १९२१ मध्ये लाभली. तिच्या दट्ट्यांवरील चामड्याच्या वाट्या आकसून गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी त्या कंपनीच्या अभियंत्यांनी रबरी वाट्या योजल्या, तेव्हा कोठे ही पद्धती भरवशाची झाली.

क्लचला मात्र दांड्या व तारा दीर्घकाळ पुरल्या. पण एंजिन रबरी आधारांवर हलू लागले आणि त्याचे हेलकावे दांडीवाटे पायट्यापर्यंत येऊ लागले. लवचिक नळीतील द्रवाला ही अडचण नव्हती. १९५५ ची एमजीए व १९५९ ची मिनी या ब्रिटिश गाड्यांत द्रवचालित क्लच होता.

या रचनेत हवेचा उपद्रव किती मोठा असतो, हे साध्या गणिताने कळते. मुख्य सिलिंडराचा व्यास १६ मिमी. व दट्ट्याची धाव ३० मिमी. धरल्यास एका दाबात सु. ६ घ. सेंमी. द्रव सरकतो. नळीत १ घ. सेंमी. हवेचा बुडबुडा असेल, तर वातावरणाच्या दहापट दाबाखाली तो जवळजवळ ०·१ घ. सेंमी. इतका आक्रसतो, म्हणजे धावेचा सु. १५ टक्के भाग हवा दाबण्यातच खर्ची पडतो. पायटा स्पंजासारखा लागतो, क्लच पुरता सुटत नाही व दंतचक्रे करकरतात.

एकाने पायटा दाबून धरावयाचा व दुसऱ्याने खालच्या सिलिंडरावरील निष्कासन-स्क्रू सैल करावयाचा, ही रूढ पद्धत होय. पायटा सोडण्यापूर्वी स्क्रू आवळला नाही, तर हवा पुन्हा आत ओढली जाते. सारा खटाटोप वाया जातो तो बहुधा येथेच. बुडबुडे स्वभावतः वर चढत असल्याने खालून द्रव रेटण्याची उलटी पद्धतही अवलंबितात व ती पुष्कळदा सोपी ठरते.

ग्लायकोलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५° से., तर ओलावा शोषल्यावर किमान १४०° से. अपेक्षित असतो. ओलाव्याने सिलिंडर गंजतो, वाटी ओरखडते आणि गळतीच्या वाटेने पुन्हा हवा शिरते. खनिज तेलाने या रबरी वाट्या फुगत असल्याने ते चुकूनही घालीत नाहीत. अनेक गाड्यांत क्लच व गतिरोधक यांची द्रवटाकी एकच असते. म्हणून क्लचची नळी टाकीला उंचावर जोडतात. क्लच गळून रिता झाला तरी गतिरोधकापुरता द्रव खाली शिल्लक राहतो.

पुढे दट्ट्या दंतचक्रपेटीच्या दंडाभोवतीच बसविण्यात येऊ लागला. त्याचा निष्कासन-स्क्रू बाहेर काढलेला असतो. परंतु वाटी गळू लागल्यास मात्र पेटीच उतरवावी लागते.