न विचारलेल्या दुखण्याचा इतिहास

मलकापूर म्हणजे कराडला चिकटून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेलं गाव. नळाला चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून ते नावाजलं. मेडिकल कॉलेजही इथेच आहे. माझी खाला लग्न होऊन या गावात आली. खालूंच्या शुगरसाठी, सासूच्या मोतीबिंदूसाठी ती त्या हॉस्पिटलच्या गेटातून कितीदा तरी गेली असेल. स्वतःच्या एका दुखण्यासाठी मात्र अठरा वर्षं गेली नाही.

दुखणं सांगण्यासारखं नव्हतं. "खाली मिरची लागल्यासारखी आग होते," एवढंच तिने एकदा अम्मीला सांगितलं. बसलं की वाढायचं, सलवारीची शिवण घासली तरी कळ यायची. नवऱ्याजवळ जाणं ही तर शिक्षाच. परगावच्या दोन-तीन दवाखान्यांत ती गुपचूप गेली. कुणी न तपासताच पांढरं जाण्याच्या गोळ्या दिल्या, कुणी मलम दिलं. एकाने "मनाचं आहे, कामात राहा" म्हणून वाटेला लावलं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी नीट तपासलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं : व्हल्व्होडिनिया. खाला घरी येऊन रडली. दुखण्यामुळे नव्हे. आपण खोटं बोलत नव्हतो, हे कुणीतरी मान्य केलं म्हणून. हे मी तिच्या परवानगीने लिहिते आहे.

इतिहास वाचणारी म्हणून मला पहिला प्रश्न पडला, हे दुखणं नवीन की फक्त नाव नवीन?

दुखणं जुनंच निघालं. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ टी. गेलार्ड थॉमस यांनी १८८० च्या सुमारास आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आहे. सूज, जखम असं काही दिसत नाही, पण योनीच्या बाहेरच्या भागाला साधा स्पर्शही सोसत नाही. त्याच दशकात आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकत होती. १८८३ मध्ये निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला तिने भाषण केलं. पुरुष डॉक्टरांपुढे बायका बोलत नाहीत, म्हणून हिंदुस्थानला स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यातलं मुख्य सांगणं होतं. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पुढच्याच वर्षी, बाविशीही पुरी होण्याआधी आनंदीबाई गेली.

म्हणजे तिकडे दुखणं लिहिलं गेलं होतं आणि इकडे ते ऐकणाऱ्या बाईची गरज ओळखली गेली होती. पण विसाव्या शतकात हे वर्णन पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ पुसलं गेलं. डोळ्यांना दिसत नाही ते बाईच्या मनात आहे, असा सोपा निवाडा झाला. १९७० च्या दशकात तज्ज्ञांनी विषय पुन्हा उघडला, १९८० च्या दशकात आजचं नाव रुळलं. २००३ आणि २०१५ मध्ये व्याख्या नीट बांधली गेली : तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारं, दुसरं स्पष्ट कारण न सापडणारं दुखणं.

महाराष्ट्रात या मौनाला आकडा दिला तो डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, पण आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तिथे रोग होता आणि कित्येकींची तक्रारच नव्हती. खालाच्या बाबतीत उलट. तक्रार होती, रोग दिसत नव्हता. दोन्हीकडे कमी पडलं ते विचारणारं माणूस.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. बोस्टन परिसरातल्या २००३ च्या पाहणीत सुमारे १६ टक्के बायकांनी असं दुखणं कधी ना कधी झाल्याचं सांगितलं. त्यांतल्या जवळजवळ ४० टक्के जणी डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या.

आता कामाचं. हा संसर्ग नाही, तो नवऱ्याला लागत नाही, आणि त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही. तिथल्या नसा अति संवेदनशील होतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडतात. आधी बुरशी, त्वचारोग, पाळी गेल्यावरचा कोरडेपणा अशी कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. मग डॉक्टर कापसाची काडी हलकेच टेकवून दुखरी जागा शोधतात. उपचारात स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी, बधिर करणारं मलम, नसांचं दुखणं शमवणाऱ्या गोळ्या आणि समुपदेशन असतं. त्यांतल्या काही गोळ्या उदासीच्या आजारातही देतात, म्हणून "मला वेडी ठरवलं" असं समजू नये. घरी सुती, सैल कपडे वापरावेत. तिथे साबण, जंतुनाशक, अत्तर लावू नये. तहारतीला साधं पाणी पुरतं. न तपासता पुन्हा पुन्हा मलमं चोळू नयेत. जखम, गाठ, पांढरे चट्टे किंवा रक्त दिसलं तर थांबू नये.

आपल्यात "शरम ईमानचा भाग आहे" म्हणून बायकांना गप्प केलं जातं. पण मदिनेच्या अन्सारी बायका पैगंबरांना (स.) पाळीचे, गुस्लचे प्रश्न थेट विचारत. लाज त्यांच्या शिकण्याच्या आड आली नाही, म्हणून हजरत आयशांनी (र.) त्यांचं कौतुक केलं. ही परंपराही आपलीच आहे. ती आपण मुलींना का सांगत नाही?

खालाचं दुखणं पुरतं गेलेलं नाही. कमी झालं आहे. लग्नाच्या पंगतीत ती आता मांडी घालून बसते. मागच्या महिन्यात शेजारची एक सून तिच्याकडे आली आणि दार लावून हळूच म्हणाली, "खाला, मलाही..." दुसऱ्या दिवशी दोघी मिळून दवाखान्यात गेल्या.