उधना : एका गावाच्या बदलत्या सीमा

जुन्या महसुली दप्तरात उधना हे चोऱ्यासी तालुक्यातील एक गाव. चोऱ्यासी म्हणजे चौऱ्याऐंशी. तितक्या गावांचा तालुका, म्हणून हे नाव. पुढे सुरत शहर पसरत गेले आणि हे गाव त्याच्या पोटात आले. आज ते सुरत महानगरपालिकेत मोडते. जिल्हाही सुरतच, पण २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपासून उधनेकरांचे लोकसभेचे मत मात्र नवसारी मतदारसंघात मोजले जाते.

तथापि, उधन्याचे भाग्य कचेरीपेक्षा रुळांनी अधिक घडविले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेची गाडी येथून खानदेशाकडे धावू लागली. त्या एका प्रवासात किती अंमल बदलत ! बारडोली इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात, व्यारा आणि सोनगड गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, तर नवापूर, नंदुरबार पुन्हा इंग्रजी खानदेशात. १९०६ साली खानदेशाचेही पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा सारा मार्ग एका छत्राखाली आला. नंदुरबारचा माणूस उधन्यास गेला, तर तो परराज्यात गेला असे त्या काळी कोणी म्हणत नसे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली. डांग गुजरातेत गेला. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील, तसेच पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा भागांतील काही गावेही तिकडे गेली. घर जागचे हलले नाही, राज्य मात्र बदलले. उरलेला पश्चिम खानदेश धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार जिल्हा निघाला, तर २००७ मध्ये सुरतेतून तापी जिल्हा वेगळा झाला.

नवापूर स्थानकात ही सीमा डोळ्यांनी पाहता येते. ती फलाटावरूनच जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत!

गाडी जी रेषा क्षणात ओलांडते, ती कागदावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुसली जात नाही. कोरडवाहू शेतीने भागेना, म्हणून खानदेशातील हजारो कुटुंबे उधना-लिंबायतच्या मागांवर आली. त्यांची मुले येथेच वाढली. महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही आहे. परंतु अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात, आणि स्थलांतरिताला मूळ राज्यातील दर्जाच्या आधारे दुसऱ्या राज्याच्या सवलती मागता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘जि. पश्चिम खानदेश’ असेल, तर ते गाव आज कोणत्या राज्यात आहे, याचा शोध आधी घ्यावा लागतो.

म्हणून सीमाभागातील घरांनी जुने दाखले आणि सातबारे रद्दीत घालू नयेत. त्यांवर गावाबरोबर त्या काळचा तालुका आणि जिल्हाही लिहिलेला असतो. जिल्ह्यांची नावे सरकार बदलते. आपण कोठून आलो, याचा पुरावा मात्र आपल्यालाच जपून ठेवावा लागतो.