वजनाचं घर, उंचीची भीती

लातुरात पत्ता सांगायचा तर सुरुवात बहुतेक गंजगोलाईपासून होते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या वर्तुळाकार पेठेच्या मधोमध १९१७ साली दुमजली गोल इमारत उभी राहिली. आत जगदंबेचं मंदिर आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. एकावर सराफ, एकावर चपला-जोडे, पुढे मिरची, गूळ. त्याच्या चारच वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये वूलवर्थ बिल्डिंग २४१ मीटर उंच गेली होती. तिथे जमीन सोन्याच्या भावाने विकली जात होती. इथे १९११ साली बार्शी लाइट रेल्वे दारात आली होती आणि माल साठवायला, गाड्या सोडायला मोकळं रान होतं. लातूर आडवं वाढलं ते मागासलेपणामुळे नव्हे; उंच जाण्याचं कारणच नव्हतं.

नांदेडची ओळख घुमटाची. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांवर जिथे अंत्यसंस्कार झाले, त्या जागी पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड या गुरुद्वाऱ्याची वास्तू बांधवून घेतली. गाभाऱ्याला आजही अंगिठा साहिब म्हणतात. नांदेड तेव्हा निजामाकडे आणि राजा बसलेला लाहोरला. इतक्या लांबून पाठवलेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या या वास्तूने गोदाकाठच्या गावाला त्याचा चेहरा दिला. सोनेरी घुमट लांबून उठून दिसतो, पण घुमटाखालची वास्तू आहे दुमजलीच. दोन शहरांच्या दोन मानाच्या वास्तू, आणि दोन्ही दोनच मजल्यांच्या!

गावाकडे उंची असायची ती गढीची. पाटील-देशमुखांची गढी पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंतींनी गावावर नजर ठेवायची. बाकी गाव माळवदाचं. हे माळवद कसं असतं, ते नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याच ओझ्याखाली आहे. सागवानी किंवा लिंबाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा थर. घर किती मोठं, हे खणांवरून सांगायचे. उन्हाळ्यात आत गारवा, वर मिरच्या आणि सांडगे वाळवायला जागा, रात्री अंथरूण टाकायला ऐसपैस गच्ची. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात याहून शहाणं छप्पर सापडणं अवघड. फक्त पावसाळा जवळ आला की गळती थांबवायला वर नवी माती टाकायची. बापाने टाकली, मुलाने टाकली, नातवाने टाकली. एक-दीड फुटाचं माळवद दोन-अडीच फुटांचं झालं. घर एकमजलीच राहिलं, पण त्याच्या डोक्यावरचं वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं.

भिंतींचीही तीच तऱ्हा. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये भर म्हणून खडी-माती आणि सांधायला चिखल. जाडी दोन फुटांपासून कुठे कुठे सहा फुटांपर्यंत. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, ही समजूत सार्वत्रिक होती. पण आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकत्र बांधणारा आरपार दगड नसेल, तर ती एक भिंत नसते. त्या शेजारी उभ्या केलेल्या दोन भिंती असतात.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालं होतं आणि गावं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूरजवळच्या किल्लारी-सास्तूर पट्ट्यात जमीन हादरली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मोजमापात मध्यम, पण हादरा उथळ आणि गावांच्या अगदी खाली. साडेनऊ हजारांहून अधिक माणसं गेली. मृतांतले बहुतेक जण दगड-मातीच्या घरांत होते. भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर दोन दिशांना फुटले आणि वरचं माळवद खाली आलं. जिथे लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे भिंती कोसळूनही खांब-तुळया उभ्या राहिल्याची उदाहरणं अभ्यासकांनी नोंदवली. कुडाची, गवती छपराची गरिबांची झोपडी त्या रात्री वाड्यापेक्षा सुरक्षित ठरली.

उंच बांधकामांचं काय झालं? त्या भागात उंच म्हणावं असं होतंच काय, तर पाण्याच्या टाक्या. त्यांतली एक टाकी सरळ खाली बसली आणि तिचे सहाही खांब तिच्याच तळाखाली गाडले गेले. खाली बसण्याआधी ती स्वतःभोवती पिळली गेली असावी, असा अभियंत्यांचा निष्कर्ष होता. उंची हा तिचा गुन्हा नव्हता. शेकडो टनांचं पाणी ज्या खांबांवर तोललं होतं, ते पीळ सोसण्यासाठी घडवलेलेच नव्हते.

आता थोडं शिकागोला जाऊन यावं लागेल. तिथे १८९१ साली मोनाडनॉक इमारतीचा जुना भाग पूर्ण झाला. सोळा मजले, आणि भार पेलणाऱ्या विटांच्या बाहेरच्या भिंती. तेवढा भार पेलायचा म्हणून तळाशी भिंती सहा फूट जाड कराव्या लागल्या, म्हणजे किल्लारीच्या जाडातल्या जाड भिंतींइतक्या. भिंतीवर भार टाकून वर चढण्याची ही जवळजवळ शेवटची सीमा होती. त्याच शहरात १८८५ साली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंगने दुसरी वाट काढली होती. भार बराचसा लोखंडी सांगाड्याने घ्यायचा आणि भिंत केवळ आडोशाला ठेवायची. गगनचुंबी इमारतींचा सगळा पसारा या वाटेने गेला. माळवदाच्या घरात लाकडी सांगाडा होता, म्हणजे ही कल्पना मराठवाड्याला अगदी अनोळखी नव्हती. आपण तिच्यावर भरमसाट माती लादली आणि भोवती सैल दगड रचले, इतकंच.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरांचं क्षेत्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलं, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. सगळी बैठी, रांगेत, रुंद रस्त्यांवर. जुन्या गावाच्या बोळांची आणि ओट्यांची सोबत त्यात हरवली, ही तक्रार खरी आहे. पण छताचं ओझं उतरलं, हेही तितकंच खरं. कागदावरही उशिरा शहाणपण आलं. भूकंपाच्या राष्ट्रीय नकाशात किल्लारी तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ च्या मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

मराठवाड्याने मात्र या आपत्तीतून एक सोपा आणि चुकीचा धडाही घेतला: उंच म्हणजे धोका. प्रत्यक्षात शहरं थांबली नाहीत. ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीच्या मागे येणाऱ्या मुलांसाठी ट्यूशन एरियात वसतिगृहं चार-चार मजले चढली. नांदेडात २००८ च्या शिखांच्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते झाले, विमानतळ सुधारला, आणि पुढे अपार्टमेंटांची रांग लागली. दोन्ही शहरांच्या क्षितिजावर आता स्लॅबवरच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे आणि सेंट्रिंगच्या बल्ल्या दिसतात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेडकरही घराबाहेर धावले.

नव्या इमारतींत खरी काळजी मजल्यांच्या संख्येची नाही, तळमजल्याची आहे. वर विटांनी भरलेल्या खोल्या आणि खाली गाड्यांसाठी नुसते उघडे खांब, ही रचना २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात महागात पडली. भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती याच दुबळ्या मजल्यावर मोडल्या. खांबातल्या उभ्या सळयांना कवटाळणाऱ्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात वाकवून सोडली, तर धक्क्यात ती उघडतात आणि खांब फुटतो. ती १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घुसवावी लागतात. मिस्त्रीच्या हाताला यासाठी काही सेकंद जास्त लागतात, आणि एकदा काँक्रीट पडलं की कुणाला काही दिसत नाही.

म्हणून लातूर-नांदेडात फ्लॅट बघायला जाणाऱ्यांनी बाल्कनीतून काय दिसतं ते नंतर बघावं. आधी पार्किंगमध्ये उतरून खांब पाहावेत, इमारतीचा हिशेब कोणत्या भूकंप विभागासाठी केला ते विचारावं, आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव शोधावं. बिल्डरला हे प्रश्न आवडले नाहीत, तर दुसरा बिल्डर गाठावा.