अनुदानावर घेतलेल्या पेट्रोल यंत्राच्या कार्बोरेटरची देखभाल

कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून देशभर राबवले जाते. या योजनेतून तुम्ही पॉवर वीडर, ब्रश कटर किंवा फवारणी पंप घेतला असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. अनुदान खरेदीसाठी असते. नंतरच्या दुरुस्तीचा खर्च तुम्हालाच करावा लागतो.

यंत्र का बिघडते?

कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला देतो. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसेच राहिले, की ते आटून चिकट होते आणि जेटचे बारीक छिद्र बुजते. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओलावा ओढून घेते, त्यामुळे आतले भाग गंजतात.

लक्षणे ओळखा

• चोक काढताच इंजिन बंद पडते: जेट बुजला असण्याची शक्यता.
• काळा धूर येतो: एअर फिल्टर चोंदला किंवा चोक पूर्ण उघडत नाही.
• कार्बोरेटरमधून पेट्रोल गळते: नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा फ्लोट अडकला.

साफसफाई कशी करावी?

१. इंजिन थंड होऊ द्या. स्पार्क प्लगची टोपी काढा. जवळपास चूल, विडी, दिवा नको. काम मोकळ्या हवेत करा.
२. आधी एअर फिल्टर पाहा. फोमचा असल्यास साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब लावून पिळा. कागदी फिल्टर धुऊ नका. खराब असल्यास बदला.
३. पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरखालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून जुने पेट्रोल डब्यात काढा.
४. वाटी उघडावी लागल्यास आधी मोबाइलवर फोटो काढा. जेटवर कार्बोरेटर क्लीनर फवारा. छिद्रात तार किंवा सुई घालू नका. छिद्र मोठे झाले तर पेट्रोल जास्त जळते.
५. गॅस्केट फाटले असल्यास नवे बसवा. कॉक उघडून गळती तपासा, मगच इंजिन सुरू करा.

ब्रश कटर आणि पाठीवरच्या पंपात बहुधा वाटीऐवजी डायफ्रॅमचा कार्बोरेटर असतो. तो मेकॅनिककडूनच उघडून घ्या.

हंगाम संपल्यावर

टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. या पाच मिनिटांच्या कामाने पुढच्या पेरणीच्या ऐन वेळी होणारा खोळंबा टळतो. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचे प्रमाण माहितीपुस्तिकेप्रमाणेच ठेवा. महिनाभराहून जुने पेट्रोल वापरू नका.

वॉरंटी असेल तर?

स्वतः काही उघडू नका. वॉरंटी रद्द होऊ शकते. बिल, वॉरंटी कार्ड आणि इंजिन क्रमांक घेऊन विक्रेत्याकडे किंवा अधिकृत सेवा केंद्राकडे जा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.