हांगझोऊचे दोन धनुर्धर

धनुर्विद्येचा विषय निघाला की आपल्याकडील संभाषण बहुधा महाभारतावर जाऊन थांबते. आम्ही मात्र वाचकांना अगदी अलीकडच्या इतिहासातील एका प्रसंगाकडे नेऊ इच्छितो. दिनांक ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या वैयक्तिक कंपाउंड तीरंदाजीचा अंतिम सामना झाला. सुवर्णपदकासाठी परस्परांसमोर उभे ठाकलेले दोन्ही धनुर्धर भारताचेच होते.

कंपाउंड धनुष्य तसे अर्वाचीन. अमेरिकेतील मिसूरी राज्याचे हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली त्याचे एकस्व मिळाले. धनुष्याच्या टोकांस बसविलेल्या कप्प्यांमुळे पूर्ण खेचलेली दोरी धरून ठेवण्याचा भार पुष्कळ हलका होतो व नेम साधण्यास अवसर मिळतो. परंतु ही सवलत प्रतिस्पर्ध्यालाही असतेच, त्यामुळे चुकीला क्षमा उरत नाही. लक्ष्य ५० मीटरांवर, दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ८ सेंटिमीटर व्यासाचे, बाण १५ आणि पूर्ण गुण १५०.

आशियाई स्पर्धेत हा प्रकार प्रथम आला तो २०१४ साली इंचिऑन येथे. तेथे दिल्लीचे अभिषेक वर्मा अंतिम फेरीत इराणच्या इस्माईल इबादी यांच्याकडून पराभूत झाले. २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत कंपाउंडच्या केवळ सांघिक लढती ठेवण्यात आल्या. हुकलेल्या सुवर्णाची संधी वर्मांना पुन्हा लाभली ती नऊ वर्षांनी, आणि तेव्हा समोर होता त्यांचाच सहकारी, नागपूरचा २१ वर्षांचा ओजस देवतळे. दोनच दिवसांपूर्वी या दोघांनी महाराष्ट्राच्याच प्रथमेश जवकारसह सांघिक सुवर्ण जिंकले होते.

ओजसने घर सोडून साताऱ्यास प्रवीण सावंत यांच्याकडे साधना केली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवून तो जगज्जेता झाला होता.

हांगझोऊला देशाच्या हिशेबी सुवर्ण व रौप्य दोन्ही आधीच निश्चित होती. तरीही कोणी हात सैल सोडला नाही. वर्मांनी १४७ गुण मिळविले. कोणत्याही मैदानावर ही कामगिरी उत्तमच ठरावी. ओजसने १५ बाणांत एकच गुण गमावला. त्याचे १४९ झाले. वर्मांच्या वाट्याला पुन्हा रौप्यच आले.

नागपूरच्या मुलाचा अभिमान आम्हांस वाटला, हे कबूल करण्यात संकोच कसला? परंतु परप्रांतात घर केलेल्या आम्हां मंडळींना तितकेच मोलाचे वाटते ते वर्मांचे नऊ वर्षे टिकून राहणे. वर्मांना अर्जुन पुरस्कार २०१४ सालचा, ओजसला २०२३ सालचा. त्या दिवशीच्या गुणफलकावर मात्र दोघांच्याही नावापुढे प्रांत नव्हता. देश होता, आणि तो एकच होता.